घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं पथ्यपाणी

मूत्रपिंडं थकलेल्या कुत्र्याला घरी शिजवलेलं जेवण देता येतं का? जरूर देता येतं. पण ते आपल्या पानातलं उरलेलं नव्हे, ‘हलकं’ म्हणून कालवलेला दूधभात नव्हे, आणि ‘ताकदीचं’ म्हणून उकळलेलं हाडांचं सूप तर नव्हेच नव्हे!

कुत्रं घरात येतं ते बहुधा मुलांच्या हट्टापायी. “त्याचं सगळं आम्ही करू,” अशा आणाभाका घेऊन पिल्लू येतं. दहा-बारा वर्षं जातात. मुलं शिक्षणासाठी नाहीतर नोकरीसाठी परगावी जातात आणि कुत्रं मात्र आईपाशी राहतं. त्याचं खाणंपिणं, त्याची औषधं, अपरात्री उठून त्याच्यासाठी दार उघडणं, सगळं तिच्याच वाट्याला येतं. अशा वेळी एक दिवस डॉक्टर रक्ताचा अहवाल पाहून म्हणतात, “याची किडनी कमजोर झाली आहे. आता खाण्याचं पथ्य सांभाळावं लागेल.”

माणसाचं पथ्य आपल्याला ठाऊक असतं. सासऱ्यांचा मधुमेह, सासूबाईंचं ब्लडप्रेशर, धाकट्याचं पोट, साऱ्यांची पानं आपण वेगवेगळी वाढत आलेल्या असतो. पण कुत्र्याचं पथ्य म्हटलं की गोंधळ उडतो. कुणी सांगतं, मांसमच्छी बंद करा. कुणी सांगतं, अशक्त झालाय, कलेजी द्या. कुणी म्हणतं, फक्त दूध-पोळीवर ठेवा. तिघांचाही हेतू चांगला असतो. पण तिघांचाही सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा, आणि मग त्याच्या ताटलीत घालायचं तरी काय, ते आज पाहू या.

दुखणं उशिरा का कळतं?

मूत्रपिंडं म्हणजे शरीरातली गाळणी. रक्तातला कचरा गाळून लघवीवाटे बाहेर टाकायचा आणि कामाचं पाणी परत शरीरात घ्यायचं, हे त्यांचं काम. या गाळण्या संख्येने इतक्या असतात की काही निकामी झाल्या तरी उरलेल्या त्यांचं काम ओढून नेतात. साधारण दोन-तृतीयांश गाळण्या बंद पडेपर्यंत लघवी पातळ होऊ लागत नाही, आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन नेहमीच्या मर्यादेबाहेर जात नाही. म्हणूनच “परवापर्यंत तर धडधाकट होता!” असं सगळ्यांना वाटतं.

पण घरातल्या बाईच्या नजरेला एक गोष्ट आधी दिसू शकते. पाण्याचं भांडं लवकर रिकामं होऊ लागतं आणि लघवीच्या फेऱ्या वाढतात. वर्षानुवर्षं घर न खराब करणारा कुत्रा रात्री गॅलरीत किंवा दारापाशी लघवी करून ठेवतो आणि बिचारा ओशाळून कोपऱ्यात बसतो. त्याला रागावू नका. हा त्याचा आळस नव्हे, दुखणं आहे. पुढे वजन उतरतं, खाण्यावरची वासना जाते, तोंडाला उग्र वास येतो, सकाळी उलटी होते, हिरड्या पांढुरक्या पडतात.

शंका आली तर एक सोपी परीक्षा घरीच करता येते. सकाळी बाटलीने मोजून पाणी भांड्यात घाला आणि चोवीस तासांनी उरलेलं मोजा. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने लिटरभराहून अधिक पाणी प्यायलं, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. जाताना सकाळची पहिली लघवी पसरट वाटीत धरून स्वच्छ बाटलीतून न्या. रक्ताइतकंच ती तपासणंही महत्त्वाचं असतं.

आपल्याकडे या दुखण्याला आणखी दोन वाटा आहेत. पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो मूत्रपिंडांवर घाला घालतो. गोचिडांमधून येणारे तापही मूत्रपिंडं बिघडवू शकतात. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याची दरवर्षीची लस आणि गोचिडांचा बंदोबस्त चुकवू नका.

पथ्याचा जन्म स्वयंपाकघरातच!

कुत्र्याच्या किडनीच्या पथ्याची गोष्ट मोठी वाचनीय आहे. १९३९ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधले पशुवैद्य डॉ. मार्क मॉरिस यांच्याकडे मॉरिस फ्रँक नावाचे अंध गृहस्थ आले. सोबत त्यांना वाट दाखवणारा जर्मन शेफर्ड कुत्रा होता, बडी नावाचा. बडीची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डॉ. मॉरिस यांना वाटलं, खाण्यात बदल केला तर उपयोग होईल. मग त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लुईझ यांनी आपल्या स्वयंपाकघरात बडीसाठी वेगळं अन्न शिजवायला घेतलं. ते काचेच्या बरण्यांत भरून पाठवत. मागणी वाढली तशा बरण्या वाटेत फुटू लागल्या, तेव्हा अन्न डब्यांत भरायची वेळ आली. १९४८ साली एका कारखान्यात ते तयार होऊ लागलं. दुकानात मिळणाऱ्या किडनीच्या खास खाद्याची सुरुवात ही अशी चुलीपाशी झाली आहे.

पण पथ्याने खरोखर आयुष्य वाढतं का? २००२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या ३८ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना किडनीचं खास खाद्य दिलं, बाकीच्यांना मोठ्या कुत्र्यांचं नेहमीचं खाद्य. पथ्याचं खाणारे कुत्रे दुसऱ्यांपेक्षा सुमारे तिप्पट काळ जगले. औषध तेच, डॉक्टर तेच, फरक फक्त ताटलीतला! घरातल्या बाईने हे मनावर घ्यावं ते यासाठी. हा आजार बरा होत नाही, हे खरं. पण त्याची चाल मंदावता येते आणि ते बऱ्याच अंशी वाढणाऱ्याच्या हातात असतं.

‘हलकं’ आणि ‘ताकदीचं’ या दोन शब्दांपासून सावध

आजारी माणसाला आपण हलकं देतो आणि उठला की ताकदीचं. किडनीच्या कुत्र्याला हा न्याय लावला की घात होतो. इथे मुख्य शत्रू आहे फॉस्फरस, म्हणजे शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात तोच. शरीराला तो लागतो. पण थकलेली मूत्रपिंडं जास्तीचा फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाहीत. तो रक्तात साठला की हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं आणि उरल्यासुरल्या गाळण्याही बिघडत जातात.

आता हा फॉस्फरस कुठे असतो पाहा. एका अंड्याच्या पिवळ्या बलकात सुमारे ६५ मिलिग्रॅम, तर पांढऱ्या भागात अवघा ५ मिलिग्रॅम. वाटीभर दुधात सव्वाशेच्या वर. शंभर ग्रॅम कलेजीत सुमारे ३००. पनीर, चीज, खवा यांत भरपूर. सुक्या मासळीत, म्हणजे बोंबील, सुकट, जवळा यांत फॉस्फरसही जास्त आणि वर मीठही. हाडं तर फॉस्फरसचीच बनलेली. म्हणजे ‘हलका’ दूधभात काय किंवा ‘ताकदीची’ कलेजी काय, दोन्ही त्याच खड्ड्यात नेतात. हाडं उकळून काढलेलं पाणी पौष्टिक म्हणून पाजू नका. मांसातला बराच फॉस्फरस उकळताना पाण्यात उतरतो, म्हणून किडनीच्या कुत्र्यासाठी चिकन शिजवलं की ते पाणी टाकून द्यायचं असतं.

मग मांस अजिबात बंद? नाही, बरं का! पूर्वी असं मानत की प्रोटीन म्हणजे या आजारात विषच. आता पशुवैद्य तसं सांगत नाहीत. प्रोटीन फार कमी केलं तर शरीर स्वतःचेच स्नायू खाऊ लागतं, मांड्या सुकतात, पाठीचा कणा हाताला लागतो. प्रोटीन मोजकं हवं, पण उत्तम प्रतीचं हवं. किती मोजकं, ते आजार कोणत्या पायरीवर आहे त्यावर ठरतं. मूत्रपिंडविकारांचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या ‘आयरिस’ या आंतरराष्ट्रीय मंडळाने कुत्र्यांसाठी चार पायऱ्या ठरवल्या आहेत. क्रिएटिनिन १.४ ते २.८ असेल तर दुसरी पायरी, २.९ ते ५ तिसरी आणि ५ च्या पुढे चौथी. खास पथ्य साधारण दुसऱ्या पायरीपासून सुरू होतं. रक्तातला फॉस्फरस दुसऱ्या पायरीवर ४.६ च्या आत, तिसऱ्या पायरीवर ५ च्या आत आणि चौथ्या पायरीवर ६ च्या आत ठेवायचा, हे ध्येय. अहवाल हातात आला की नुसतं “बरं आहे ना?” विचारून परत येऊ नका. पायरी कोणती, फॉस्फरस किती, लघवीतून प्रोटीन जातंय का आणि ब्लडप्रेशर किती, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

एक मात्र ध्यानात असू द्या. कुत्रा नुसता म्हातारा आहे पण मूत्रपिंडं ठीक आहेत, तर हे पथ्य त्याला लावू नका. म्हातारपणी त्याला चांगल्या प्रोटीनची गरज असतेच.

पातेल्यात काय घालायचं?

सर्वांत आधी तांदूळ. पांढरा तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून वेळून घ्यावा, कोकणात वेळतात तसा. पॉलिश न केलेला तांदूळ किंवा कोंड्यासकट कणीक आपल्याला चांगली, पण किडनीच्या कुत्र्याला नको, कारण कोंड्यात फॉस्फरस जास्त. उपासाचा साबुदाणाही इथे कामाला येतो. त्यात प्रोटीनही नाममात्र आणि फॉस्फरसही. मात्र तो नुसता शिजवलेला हवा. शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी नव्हे!

मग प्रोटीन. अंड्याचा पांढरा भाग हा या पथ्यातला खरा मित्र, कारण त्याचं प्रोटीन उत्तम आणि फॉस्फरस अगदी थोडा. तो नेहमी शिजवूनच द्यावा. पण फक्त त्याच्यावर भागत नाही. बहुतेक वेळा डॉक्टर त्याच्या जोडीला वजन करून थोडं चिकन किंवा ताजी मासळी घालायला सांगतात. शाकाहारी घरात हा प्रश्न नाजूक असतो. श्रावणात तर विचारायलाच नको. पण पुष्कळ घरांतून गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं आणि वेगळा चमचा ठेवून हे निभावलं जातं. ते जमणारच नसेल तर दूध-पनीरवर वेळ मारून नेऊ नका. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि तयार खाद्याचा मार्ग धरा.

तिसरी गोष्ट स्निग्धांश. कुत्र्याला ताकद द्यायची पण प्रोटीन वाढवायचं नाही, हे गणित तूप-तेल सोडवतं. चहाच्या चमचाभर तुपात सुमारे ४५ कॅलरी असतात. तेवढ्या मिळवायला अडीच-तीन अंड्यांचा पांढरा भाग लागेल. दहा किलो वजनाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ५०० ते ६०० कॅलरी लागतात आणि वाटीभर भातातून दोनशेच्या आसपास मिळतात. यावरून तुपाचं मोल कळेल. मात्र पूर्वी ज्याला स्वादुपिंडाची सूज येऊन गेली असेल, त्याला तूप-तेल सोसत नाही. तेव्हा आधी विचारून घ्या.

भाजी म्हणून दुधी, लाल भोपळा, पडवळ, गाजर असं काही शिजवून थोडं घालावं. मीठ वरून घालू नये. पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, बाहेरचा पाव, यांतून मीठ नकळत जातं, तेही बंद.

पातेल्यात जे दिसत नाही ते

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग काय, भात, अंडं, तूप आणि दुधी. झालं पथ्य! थांबा. खरी मेख पुढेच आहे.

२०१२ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी किडनीच्या कुत्र्या-मांजरांसाठी पुस्तकांतून आणि इतरत्र सांगितलेल्या ६७ घरगुती पाककृती तपासल्या. त्यांपैकी एकही सर्व पोषकद्रव्यांच्या कसोटीला उतरली नाही. त्यात पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या! म्हणून या लेखात मुद्दामच ‘अमुक वाट्या, तमुक चमचे’ अशी कृती दिलेली नाही. ती तुमच्या कुत्र्याच्या वजनाप्रमाणे आणि अहवालाप्रमाणे डॉक्टरांनीच बसवून द्यायला हवी.

उणीव कुठे राहते? पहिली, कॅल्शियमची. हाडं काढून घेतली की भात आणि मांसात कॅल्शियम उरतच नाही. निरोगी कुत्र्याच्या घरच्या जेवणात हाडांची भुकटी चालते, पण इथे ती नको, कारण तिच्यात फॉस्फरस असतो. त्याऐवजी कॅल्शियम कार्बोनेट देतात. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड म्हणजे मुख्यतः तेच. पण रक्तातलं कॅल्शियम वाढलं तर तेही घातक, म्हणून किती ग्रॅम ते डॉक्टर सांगतील तेवढंच. दुसरी उणीव ब जीवनसत्त्वांची. लघवी जास्त झाली की ती पाण्याबरोबर वाहून जातात. तिसरी, जस्त, तांबं, आयोडिन यांसारख्या सूक्ष्म द्रव्यांची. आणि चौथी गोष्ट म्हणजे माशाच्या तेलातले ओमेगा-३ स्निग्धांश, जे मूत्रपिंडांना उपकारक ठरतात. पण माशाचं तेल आणि कॉडलिव्हर तेल एक नव्हे! कॉडलिव्हर तेलात अ आणि ड जीवनसत्त्वं फार असतात, ती साठून अपाय होतो. लहानपणी मुलांना पाजलेलं आठवतं म्हणून त्याला देऊ नका.

पथ्य पाळूनही रक्तातला फॉस्फरस खाली आला नाही तर डॉक्टर तो बांधून ठेवणारं औषध देतात. ते अन्नातल्या फॉस्फरसला पोटातच पकडतं. म्हणून ते जेवणातच कालवून द्यायचं असतं. जेवणानंतर तासाभराने दिलं तर वाया गेलं.

कृती कुठे मिळेल? गावातले डॉक्टर आहाराचा हिशेब करून देत नसतील तर पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. आपल्याकडे मुंबईत परळला १८८६ पासूनचं महाविद्यालय आहे, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही आहेत. अहवाल, वजन आणि सध्या काय खातो त्याची यादी घेऊन जावं. किडनीचं तयार खाद्य परवडत असेल आणि कुत्रा ते आवडीने खात असेल, तर तेच उत्तम. त्यात सगळं मोजून घातलेलं असतं आणि तुमचाही वेळ वाचतो. घरी शिजवायचं ते मुख्यतः तो त्याला तोंड लावत नाही किंवा ते परवडत नाही म्हणून. त्यात कमीपणा नाही, पण ‘घरचं ते चांगलंच’ या समजुतीवर विसंबू नये.

रोजची रीत

मापाला वाटी नको, वजनकाटा घ्या. तुमची वाटी आणि डॉक्टरांची वाटी एक नसते. दोन-तीन दिवसांचं एकदम शिजवून, लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवलं तर रोजची धावपळ वाचते. ताटलीत घालताना कोमट करावं. कोमट अन्नाला वास सुटतो, आणि म्हातारा कुत्रा डोळ्यांपेक्षा नाकाने जेवतो. एकदम पोटभर वाढण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावं.

नवं पथ्य एका दिवसात लादू नये. जुन्या जेवणात चमचा-दोन चमचे मिसळत आठ-पंधरा दिवसांत बदल करावा. आणि एक नियम पाळा. त्याला उलट्या होत असताना किंवा सलाईन चालू असताना नवं अन्न सुरू करू नका. मळमळत असताना जे पुढे येतं त्याचा त्याला कायमचा तिटकारा बसतो. गरोदरपणी ज्या भाजीच्या वासाने आपल्याला ढवळून आलं ती भाजी आपण वर्षानुवर्षं खात नाही, तसंच! आधी मळमळ थांबवणारं आणि आम्लपित्ताचं औषध, मग नवी ताटली. कडू गोळी त्याच्या मुख्य जेवणात लपवू नका. एकदा दगा झाला की तो त्या जेवणालाच शिवत नाही.

पाणी मात्र कधीही, कधीही कमी करू नका. रात्री घरात लघवी करतो म्हणून संध्याकाळी भांडं उचलून ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. त्याची मूत्रपिंडं पाणी राखू शकत नाहीत, म्हणून तो पितो. भांडं उचललं की दोन दिवसांत तो कोरडा पडून दवाखान्यात जाईल. त्यापेक्षा रात्री एकदा जास्त बाहेर न्या, झोपण्याच्या जागी जुनी चादर आणि रबरी कापड घाला. गरज पडली तर कातडीखाली सलाईन द्यायला डॉक्टर घरच्या माणसांनाही शिकवतात. ऐकून घाबरायला होतं, पण हात बसतो.

घरच्यांची समजूत

पथ्य मोडतं ते स्वयंपाकघरात नव्हे, बाहेरच्या खोलीत. आजोबांचा चारचा चहा असतो आणि शेजारी तो शेपूट हलवत बसलेला असतो.

“सूनबाई, एक बिस्कीट दिलं तर काय बिघडतं? किती आशेने बघतोय!”

“बाबा, तुमच्या हातूनच द्यायचं आहे त्याला. पण बिस्कीट नको. ही वाटी भरून ठेवलीय ना, त्यातलं द्या.”

त्या वाटीत उकडलेल्या दुधीच्या किंवा गाजराच्या फोडी, नाहीतर बिया काढलेल्या सफरचंदाचे तुकडे असावेत. आजोबांचं देणं बंद करायचं नाही, फक्त वाटी बदलायची. नुसता “देऊ नका” म्हणून हुकूम केला तर पाठीमागून बिस्कीट जातंच. कामाला येणाऱ्या बाईंना आणि शेजारच्या मुलांनाही एकदा नीट सांगून ठेवावं.

घरगुती उपायांचंही असंच. मूतखड्याला कुळथाचं कढण देतात म्हणून कुणी ते कुत्र्याला पाजायला सांगतं. मूतखडा वेगळा आणि मूत्रपिंडं निकामी होणं वेगळं. कुळथात प्रोटीन आणि फॉस्फरस दोन्ही जास्त, तेव्हा नको. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. या आजारात ते कधी कमी होतं तर कधी धोकादायक वाढतं. विचारल्याशिवाय तेही नको.

आणि या वस्तू तर कुठल्याच कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नयेत: द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट, तसेच झायलिटॉल घातलेल्या साखरमुक्त गोळ्या. द्राक्ष-मनुकांनी निरोगी कुत्र्याचीही मूत्रपिंडं एकाएकी बंद पडू शकतात. २०२१ साली पशुवैद्यांनी याचं कारण त्यांतलं टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे चिंच घातलेली आमटी-भात, चिंचेची चटणी, भेळ, हेही वर्ज्य. तसंच आपल्या डोकेदुखीच्या-अंगदुखीच्या गोळ्या. लंगडतो म्हणून माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिली तर थकलेली मूत्रपिंडं त्याच दिवशी कोसळू शकतात.

एक वही घाला

दुधाच्या हिशेबाची वही असते, तशी त्याची एक असू द्या. रोज किती खाल्लं (सगळं, निम्मं, शिवलंच नाही), उलटी झाली का, पाणी किती प्यायला. आठवड्यातून एकदा वजन. लहान कुत्र्याला उचलून घेऊन काट्यावर उभं राहा आणि नंतर आपलं वजन वजा करा. ही वही डॉक्टरांना दहा प्रश्नांची उत्तरं देते. क्रिएटिनिन स्नायूंतूनही येतं. त्यामुळे कुत्रा वाळला की अहवालातला आकडा उगीचच चांगला दिसू शकतो. वजनाची नोंद असली तर डॉक्टर फसत नाहीत. रक्त आणि लघवी ते सांगतील तितक्या महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावी आणि त्याप्रमाणे पथ्याची मापं बदलून घ्यावीत. एकदा ठरलेली कृती जन्मभर चालत नाही.

आणि तो जेवेनासाच झाला तर?

हा प्रश्न प्रत्येक घरात आज ना उद्या येतो. दोन दिवस ताटली तशीच परत येते. ती सोबत घेऊन जेवायची वेळ झाली तरी बाईच्या घशाखाली घास उतरत नाही. अशा वेळी आधी डॉक्टरांना कळवा. मळमळ, तोंडातले फोड, कमी झालेलं पोटॅशियम, वाढलेलं ब्लडप्रेशर, यांतलं काहीतरी असतं आणि त्यावर इलाज असतो. भूक वाढवणारी औषधंही आहेत. जबड्यात बळेच घास कोंबू नका. ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं, आणि तुमचा हात दिसला की तो तोंड फिरवायला शिकतो.

तरीही पथ्याचं खाईनाच, तर तज्ज्ञ एक गोष्ट आवर्जून सांगतात. उपाशी राहण्यापेक्षा दुसरं काहीतरी खाल्लेलं बरं. पथ्य हे जगण्यासाठी आहे, पथ्यासाठी जगणं नव्हे. मग त्याच्या आवडीचं थोडं चिकन भातात कुस्करून घातलं, तर तुम्ही काही गुन्हा केला नाही. फक्त तो निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या, म्हणजे औषधांची मापं त्याप्रमाणे बदलता येतील.

शेवटच्या पायरीवर प्रश्न वेगळा होतो. तो उठून दारापर्यंत येतो का? हाक मारली की कान टवकारतो का? दिवसातले जास्त तास शांत जातात की कण्हण्यात? वहीत हेही लिहीत जा. सलग काही दिवस उत्तरं नकारार्थी आली, तर पुढे काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारण्यात निष्ठुरपणा नाही. परगावी असलेल्या मुलांनाही तेव्हा फोनवर “ठीक आहे” म्हणू नका. ज्यांनी त्याला पिल्लू म्हणून घरात आणलं, त्यांना येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायला वेळ मिळाला पाहिजे.

तोवर सकाळी भात वेळायचा, तूप मोजायचं, कॅल्शियमची पूड कालवायची, कोमट करून पुढे ठेवायचं, आणि ताटली चाटून पुसून स्वच्छ झाली की वहीत लिहायचं: ‘सगळं खाल्लं.’